करवतीची बैठक

नाचतां येईना अंगण वांकडें, अशी एक म्हण आपल्याकडे आहे. स्वतःचें उणें झांकण्यासाठीं साधनांस दोष देणाऱ्या माणसाची ती थट्टा आहे, आणि बहुतेक ठिकाणीं ती योग्यहि असते. परंतु सुतारकाम हा असा एक व्यवसाय आहे कीं, त्यांत अंगण खरोखरच वांकडें असूं शकतें. करवत चांगली, पातें धारदार, कारागीर अनुभवी, आणि तरीहि चौकटीचे कोपरे जुळत नाहींत, असें पुष्कळदां घडतें. अशा वेळीं दोष बहुधा करवत जिच्यावर ठेवलेली असते त्या बैठकीचा असतो. विजेवर चालणाऱ्या मायटर करवतीची बैठक कशी निवडावी व कशी वापरावी, हा या भाषणाचा विषय आहे.

दाराची असो वा तसबिरीची असो, चौकटीचीं दोन लांकडें काटकोनांत मिळवावयाचीं तर प्रत्येकाचें टोंक ४५ अंशांत तिरकें कापावें लागतें. या तिरक्या कापास मायटर असें नांव आहे. कोल्हापुरास हा काप परका नाहीं. चित्रकारांची ही नगरी. तेथें चित्रास चौकट हवीच. बाबूराव पेंटर हे येथल्या मिस्त्री घराण्यांत जन्मले. १९१८ सालीं त्यांनीं याच गांवीं चलच्चित्रांचा कॅमेरा सिद्ध केला, १९२० सालीं ‘सैरंध्री’ पडद्यावर आणली, आणि रंगविलेल्या पडद्यांच्या ऐवजीं खरी खोली असलेले देखावे उभे करण्याची चाल पाडली. असे देखावे उभारणें म्हणजे अर्धेअधिक सुतारकामच होय. आणि चौकटीचा जीव असतो तो तिच्या कोपऱ्यांत.

या कोपऱ्याचें गणित मोठें कठोर आहे. चौकटीस कोपरे चार आणि काप आठ. प्रत्येक काप अवघ्या अर्ध्या अंशानें चुकला, तर एकूण चूक ४ अंशांची होते. तीन कोपरे दाबून जुळविले कीं ती सगळी चौथ्या कोपऱ्यांत गोळा होते, आणि ३ इंच रुंदीच्या पट्टीच्या त्या सांध्यांत सुमारें साडेसात मिलिमीटरांची फट पडते. अर्धा अंश डोळ्यांस दिसत नाहीं; साडेसात मिलिमीटरांची फट घरीं येणाऱ्या प्रत्येक पाहुण्यास दिसते.

आतां प्रश्न असा कीं, आपल्या जुन्या सुतारांस अशी बैठक कधीं लागली नाहीं, मग ती आजच कां लागावी? याचें उत्तर असें कीं त्यांस बैठक होती. ती म्हणजे जमीन. सुतार जमिनीवर बसून काम करी. दहा फुटांची फळी सबंध लांबीभर जमिनीवर टेकलेली असे, आणि तिला जागच्या जागीं दाबून धरण्याचें काम त्याचे पाय करीत. हातकरवत सावकाश चाले. लांकूड हललें तर हात तेथेंच थांबे.

विजेच्या करवतीनें ही व्यवस्था मोडली. रॉकवेल या अमेरिकन कारखान्यानें १९६४ सालीं अशी करवत बाजारांत आणली, आणि आज ती आपल्याकडील घरकामाच्या सुतारांच्या हातींहि आली आहे. तिचा पाट जमिनीपासून तीन-चार इंच उंच असतो. करवत जमिनीवर ठेवून तिच्यावर लांब फळी घातली, तर मधला फूट-दीड फूट भाग पाटावर टेकतो आणि उरलेली फळी अधांतरीं लोंबते. पातें मिनिटास काहीं हजार फेरे घेत असतें. त्याच्याजवळ पायानें लांकूड दाबण्याची कल्पनाहि करवत नाहीं.

मग घरोघर जें घडतें तें असें. मिस्त्री एखाद्या पोऱ्यास हांक मारतो, आणि फळीचें दुसरें टोंक त्याच्या हातीं देतो. ही पद्धत अत्यंत धोक्याची आहे. मुलाचा हात नकळत वर गेला, तर कापाची फट वरच्या बाजूनें मिटूं लागते आणि फिरतें पातें तिच्यांत चिमटलें जातें. चिमटलेलें पातें लांकूड झटक्यानें उडवितें, आणि तो झटका करवत चालविणाऱ्यास व फळी धरणाऱ्यास, दोघांसहि बसतो. उलट हात खालीं गेला, तर काप पुरा होण्यापूर्वींच लांकूड कडेस मोडतें व त्याचा सालपा निघतो. माणसाचा हात हा आधार नव्हे. आधार तो, जो हलत नाहीं.

यावरून बैठकीचें खरें काम कळून येतें. करवत उंचावर ठेवणें हें तिचें गौण काम. करवतीचा पाट आणि उजव्या-डाव्या बाजूंचे आधार हीं तिन्ही एकाच पातळींत राखणें हें मुख्य. जुन्या सुताराची जमीन पुन्हां मिळवून देणें, एवढेंच तिनें करावयाचें असतें.

बाजारांत बैठकी मुख्यतः दोन प्रकारच्या मिळतात. पहिली घडीच्या पायांची. तिच्यावर दोन्ही बाजूंस बाहेर ओढतां येणारे बाहू असतात. दुसरी चाकांची, ती करवतीसकट मिटते व ढकलून नेतां येते. तिसरा प्रकार घरीं करावयाचा: जाड प्लायवुडाचें मेज, मध्यें करवतीपुरता खोलगट भाग आणि दोन्ही अंगांस पाटाच्या उंचीचे पंख. ज्याची कामाची जागा कायमची आहे, त्यास हा तिसरा प्रकार सर्वांत स्थिर व बहुधा स्वस्तहि पडतो. मंगळवार पेठेंतल्या किंवा शुक्रवार पेठेंतल्या जुन्या घराच्या अरुंद जिन्यावरून सामान वाहून न्यावयाचें असेल, तर चाकांचा उपयोग नसतो, वजनाचा त्रास मात्र होतो; तेथें घडीची बैठक बरी. उद्वाहक असलेल्या नव्या इमारतींत चाकें सोयीचीं पडतात.

निवडतांना चार गोष्टी पाहाव्या. पहिली भार. दहा इंची पात्याच्या सरकत्या करवतीचें वजन २० ते २५ किलोंच्या घरांत असतें. त्यांत लांकडाचें वजन मिळवावें: १० फूट लांब, ६ इंच रुंद व दीड इंच जाड अशी सागवानी फळी साडेअकरा किलोंच्या आसपास भरते, आणि ती एकाच बाजूस लोंबते. म्हणून बैठक ओढलेल्या बाहूच्या टोंकाशीं दाबून पाहावी. तिचा पाय उचलला जात असेल तर ती घेऊं नये. दुसरी गोष्ट उंची: उभ्या माणसाच्या कोपराच्या थोडा खालीं पाट आला म्हणजे पाठ वांकत नाहीं. तिसरी गोष्ट आधारांची उंची सूक्ष्मपणें वर-खालीं करण्याची सोय. चौथी, निदान एक पाय लांब-आंखूड करतां येणें. कारण शहाबादी फरशी सर्वत्र सारखी नसते.

बैठक मांडतांना प्रथम विजेचा प्लग काढून ठेवावा. पाय पूर्ण उघडून त्यांच्या खिट्ट्या बसल्याची खात्री करावी. बैठक डुलत असेल तर पाय फिरवून अथवा पाचर मारून ती पक्की करावी. करवत पाटाच्या चारहि भोंकांतून बोल्टांनीं आंवळावी. नुसती वर ठेवलेली करवत सरकते. नंतर एक सरळ, लांब पट्टी पाटावरून दोन्ही आधारांपर्यंत धरावी आणि तिच्याखालीं कोठेंहि उजेड दिसणार नाहीं असे आधार लावावे. चार फुटांवरील आधार ५ मिलिमीटरांनीं चुकला, तर फळी जवळजवळ पाव अंशानें कलते; म्हणजे करवतीवरील आंकडे कितीहि अचूक असले तरी काप तिरका पडतो. शेवटीं टाकाऊ लांकडाचे दोन काप घेऊन ते जुळवावे व गुण्या लावून पाहावा. गुण्या खोटें बोलत नाहीं.

प्रत्यक्ष कापतांना फळीची पाठ मागच्या आडपट्टीस टेकलेली असावी, आणि हात पात्यापासून निदान ६ इंच दूर असावा. पात्यास पूर्ण वेग आल्यावरच तें लांकडावर उतरवावें. काप झाल्यावर कळ सोडून, पातें पूर्ण थांबल्यावरच वर उचलावें. एकाच मापाचे अनेक तुकडे काढण्यासाठीं बैठकीवर अडसर असतो, त्याविषयीं एक नियम कधींहि विसरूं नये: जो तुकडा अडसरास टेकतो तो शिकंज्यानें घट्ट धरलेला असावा, आणि पात्याच्या दुसऱ्या बाजूचा तुकडा मोकळा असावा. सुटा झालेला तुकडा अडसर आणि पातें यांच्यामध्यें अडकला, तर तो गोळीसारखा उडतो. विजेची तार पायांत येऊं देऊं नये, आणि डोळ्यांवर चष्मा व नाकावर फडकें असावें. कोल्हापूरच्या पावसाळ्यांत लोखंडी बाहू गंजतात व प्लायवुड फुगतें. म्हणून बाहूंस तेलाचा हात द्यावा, आणि पट्टी लावून पातळी पुन्हां तपासावी.

ज्यांस एवढा खर्च करावयाचा नसेल, त्यांनीं करवत एका भक्कम मेजावर बोल्टांनीं बसवावी, आणि पाटाच्या नेमक्या उंचीचे दोन लांकडी ठोकळे करून ते तिच्या दोन्ही अंगांस ठेवावे. हीहि बैठकच होय. तीं तिन्ही एका पातळींत आलीं म्हणजे झालें. घरीं सुतार लावणाऱ्या गृहस्थानेंहि कामाचा दर ठरवितांना एवढें विचारावें कीं, फळीचें दुसरें टोंक कोण धरणार? उत्तर ‘हा पोरगा’ असें आलें, तर आधाराचे दोन ठोकळे करून घेण्याचा खर्च आपण सोसावा. त्यानें चौकटीचे कोपरे जुळतील, आणि त्या पोराचीं बोटेंहि शाबूत राहतील.