दम पुढे पळतो, हाडं मागून येतात
(लेखमाला : नगर ते पंढरपूर, पायी – भाग ४)

पहिल्या भागापासून सोबत निघालेल्यांचा आता चौथा आठवडा चालू आहे. एव्हाना बहुतेकांना फरक जाणवला असेल. सुरुवातीला वाडिया पार्कवर दोन फेऱ्या मारल्या की धाप लागत होती. आता पाऊण तास चालून झाल्यावरही शेजारच्याशी महापालिकेपासून पावसापर्यंत गप्पा मारता येतात. जिना चढताना छाती भरून येत नाही. मग सहज मनात येतं, महिन्याभरात एवढं जमलं, तर अंतर दुप्पट करायला काय हरकत आहे?

हरकत आहे, आणि हा सगळा भाग त्या हरकतीसाठीच ठेवला आहे. नवखा माणूस लंगडतो तो बहुधा पहिल्या आठवड्यात नाही. तेव्हा तो घाबरून जपून चालत असतो. तो लंगडतो दम सुधारल्यावर.

दम लवकर का सुधारतो, ते आधी पाहू. नियमित चालायला लागलं की आठ-दहा दिवसांतच रक्तातला पातळ भाग वाढतो. हृदयाकडे परतणारं रक्त वाढलं की एका ठोक्यात जास्त रक्त पुढे ढकललं जातं, म्हणून त्याच वेगाला ठोके कमी लागतात. पुढच्या काही आठवड्यांत स्नायूंच्या पेशींमधली ऊर्जा तयार करणारी केंद्रं, म्हणजे शाळेच्या पुस्तकातल्या तंतुकणिका, वाढू लागतात. अमेरिकेतल्या जॉन होलोझी यांनी १९६७ साली उंदरांना तीनेक महिने पळवून दाखवलं होतं की त्यांच्या स्नायूंची प्राणवायू वापरण्याची ताकद दुपटीच्या घरात जाते. रक्त आणि स्नायू हे शरीरातले चपळ कारभारी. हुकूम निघाला की कामाला लागतात.

हाडांचा कारभार वेगळा. प्रत्येक पावलाला पायाचं हाड किंचित वाकतं आणि पुन्हा सरळ होतं. वीस किलोमीटर म्हणजे पंचवीस ते तीस हजार पावलं, त्यातली निम्मी एकेका पायाच्या वाट्याला. (जाता जाता, रोज दहा हजार पावलं हा जो आकडा सगळ्यांच्या मोबाइलवर बसला आहे, तो डॉक्टरांच्या संशोधनातून आलेला नाही; १९६५च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला काढलं, त्याच्या नावातला तो आकडा. वारीच्या हिशेबात तो तसाही थिटा.) सवयीपेक्षा जास्त भार आला की हाड स्वतःची दुरुस्ती काढतं, पण ती आपल्याकडच्या रस्त्यासारखी : आधी उकरायचं, मग सवडीने भरायचं. जुनं हाड खाणाऱ्या पेशी दोन-तीन आठवड्यांत आपलं काम उरकतात. नवं हाड घडवणाऱ्या पेशींना तीच जागा भरून पक्की करायला तीन-चार महिने लागतात. म्हणजे नव्याने चालायला लागलेल्या माणसाचं हाड तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सुमारास पहिल्या दिवसापेक्षाही थोडं कच्चं असू शकतं. नेमकं त्याच वेळी छाती सांगत असते, चल, अजून एक फेरी मारू. टाचेमागच्या जाड कंडरेचंही असंच. तिला रक्तपुरवठा तुटपुंजा, म्हणून तीही महिन्यांच्या हिशेबात घट्ट होते.

हे पहिल्यांदा ध्यानात आलं ते लष्करात. आपलं नगर रणगाड्यांचं आणि यांत्रिकी पायदळाचं प्रशिक्षण देणारं शहर आहे, त्यामुळे भरती झालेल्या पोरांच्या पायांचा विषय इथल्या घरांना परका नाही. १८५५ साली ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियन लष्करी डॉक्टरने लांबच्या कूचनंतर जवानांची पावलं सुजतात, दुखतात, अशी नोंद केली. मार नाही, पडझड नाही, मग दुखतंय काय, हे काही त्याला उलगडलं नाही. क्ष-किरणांचा शोध लागल्यावर १८९७ मध्ये दिसलं की बोटांच्या मागच्या लांब हाडांना बारीक चीर गेलेली असते. डॉक्टर मंडळी तिला आजही ‘मार्च फ्रॅक्चर’ म्हणतात. १९८५ साली इस्रायली लष्करातल्या २९५ नव्या जवानांची प्रशिक्षणभर पाहणी झाली, तेव्हा ३१ टक्क्यांना पायाच्या हाडांत कुठे ना कुठे अशा ताणाच्या चिरा आढळल्या. ही सगळी विशीच्या आतबाहेरची, निवडून घेतलेली पोरं. पाहणी करणाऱ्या मंडळींनीच पुढे आणखी एक गोष्ट नोंदवली. लष्करात येण्याआधी दोनेक वर्षं नियमित बास्केटबॉलसारखे खेळ खेळलेल्यांना या चिरा बऱ्याच कमी पडत होत्या. भरतीच्या महिन्यात घाम गाळून जे मिळालं नाही, ते आधीच्या उड्यांनी हाडात साठवून ठेवलं होतं.

इथे मला वारीतल्या आजींबद्दल बोलायचं आहे, कारण वारीच्या तयारीचं सगळ्यात मोठं नुकसान त्यांच्या कौतुकाने होतं. संत निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वरहून निघते, सिन्नरवरून आपल्या जिल्ह्यात येते, बेलापूर, राहुरी, डोंगरगण करत नगरला पोचते आणि पुढे मिरजगाव, करमाळ्यावरून पंढरपूर गाठते. सगळा पल्ला साडेचारशे किलोमीटरच्या आसपास. नगरपासून सामील होणाऱ्याच्या वाट्याला त्यातला जवळजवळ निम्मा. या वाटेवर सत्तरीची आजी डोक्यावर तुळस घेऊन, पायात साधी चप्पल घालून आपल्या पुढे निघून जाते. ते पाहून बँकेत किंवा शाळेत बसून काम करणारा माणूस म्हणतो, आजींना जमतं तर मला न जमायला काय झालं? त्यावर कोणीतरी भाविकपणे सांगतं की माउलीच चालवून घेते.

श्रद्धेबद्दल माझा वाद नाही. पण आजींचं प्रशिक्षण आपल्याला दिसत नाही, एवढंच. पाथर्डी-शेवगावकडची बाई असेल तर तिने तरुणपणी ऊसतोडीला जाऊन मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढवल्या आहेत. नसेल तर खुरपणी, सरपण, विहिरीवरून हंडे, शेतावर जाऊन-येऊन रोजचे चार-सहा किलोमीटर, आणि हे चाळीस-पन्नास वर्षं, कधी अनवाणीसुद्धा. तिची वारी पेरण्यांच्या आगेमागे येते. आदल्या दिवसापर्यंत ती उभ्यानेच असते. (यात गोडवे गाण्यासारखं काही नाही. त्याच कामाने तिची कंबर आणि गुडघे झिजलेले असतात, आणि ज्यांचे फार झिजले त्या वारीत दिसतच नाहीत, घरी असतात.) तेव्हा बरोबरी करायचीच असेल तर आजींच्या पन्नास वर्षांशी करा, त्या एका आषाढाशी नको.

आता कामाचं. या आठवड्यात आणि पुढचे दोन आठवडे अंतर वाढवायचं नाही. आठवड्यातून पाच दिवस पाच-पाच किलोमीटर चालत असाल तर तेवढंच चाला. कंटाळा येईल, येऊ द्या. हौस फारच उतू जात असेल तर ती पायांच्या ताकदीवर खर्च करा : खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठणं-बसणं, पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा वर-खाली करणं, एका पायावर तोल सांभाळणं. आठवड्यातून दोनदा, पंधरा मिनिटं.

सातव्या आठवड्यापासून वाढवायचं. दर आठवड्याला दहा टक्के वाढवा, हा नियम तुम्ही ऐकला असेल. नियम सोयीचा आहे, पण त्याला मंत्र समजू नका. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन इथे पाचशेहून जास्त नवख्या धावणाऱ्यांचे दोन गट करून तो तपासला गेला, आणि २००८ मध्ये निकाल आला तेव्हा सावकाश वाढवणाऱ्यांत आणि जरा झपाट्याने वाढवणाऱ्यांत दुखापतींचं प्रमाण सारखंच निघालं, पाचांत एक. माझं मत असं की टक्क्यांपेक्षा विश्रांतीच्या आठवड्याला जपावं : तीन आठवडे थोडं थोडं वाढवलं की चौथ्या आठवड्यात एक तृतीयांश कमी करायचं. उकरलेलं भरायला वेळ मिळतो.

वेग किती ठेवायचा, यासाठी मनगटावर यंत्र लागत नाही. चालता चालता हरिपाठाचा एक अख्खा अभंग मोठ्याने म्हणता आला, मध्येच श्वासासाठी चरण तोडावा लागला नाही, तर वेग बरोबर आहे. तोडावा लागला तर कमी करा. सुरात गाता आलं तर मात्र थोडे पाय उचला. व्यायामशास्त्रात याला बोलण्याची कसोटी म्हणतात. दिंडी ती टाळांच्या तालावर रोज देत असते.

आठव्या आठवड्यापासून शनिवार-रविवार लागोपाठ चालायचं. वारीचं अवघड गणित एका दिवसाच्या वीस किलोमीटरमध्ये नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी सुजलेले पाय पुन्हा चपलेत घालून निघण्यात आहे. आधी आठ आणि आठ, मग दहा आणि दहा, चौदाव्या आठवड्यापर्यंत पंधरा-पंधरा. शेवटचे दहा दिवस निम्म्यावर यायचं. डांबरी रस्त्याची कड बाहेरच्या बाजूला उतरती असते. कायम एकाच कडेने चाललं तर एकच गुडघा कुरकुरतो, म्हणून रहदारी नसेल तिथे बाजू बदलत जा.

चढ-उतारासाठी चांदबिबी महाल आहेच. (कबर सलाबतखानाची, नाव चांदबिबीचं, पण नगरकरांना ते सांगून उपयोग नाही.) लोक चढ मोजतात, मी उतार मोजायला सांगेन. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच आवळावे लागतात, म्हणून दोन दिवसांनी जिना उतरताना आई आठवते. गंमत अशी की एकदा असं दुखून गेलं की पुढचे काही आठवडे त्याच उताराने फारसं दुखत नाही. पहिलं दुखणं आत्ताच, सुरुवातीच्या महिन्यांत उरकून घ्या. डोंगरगणचा घाट उतरायचा असेल तर तोही. उन्हाची सवय हा स्वतंत्र भागाचा विषय, तो वैशाखात घेऊ.

दुखणं कोणतं सोसायचं आणि कोणतं नाही, याची खूण सोपी आहे. पोटरी, मांडी पसाऱ्याने दुखते, दोन्हीकडे दुखते, चालायला लागलं की मोकळी होते; ते चालेल. पण पावलाच्या वरच्या बाजूला किंवा नडगीवर एका बोटाने दाखवता येईल इतक्या नेमक्या जागी दुखत असेल, चालल्यावर वाढत आणि बसल्यावर थांबत असेल, तर त्या दिवसापासून चालणं बंद आणि हाडांच्या डॉक्टरांकडे. सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रे साफ येऊ शकतो, म्हणून ‘फोटोत काही नाही’ म्हटल्यावर लगेच चालायला लागू नका. दुखणं तसंच राहिलं तर पुन्हा दाखवा. पाळी थांबलेल्या बायकांनी या बाबतीत अधिक काटेकोर राहावं. आणि ज्यांना साखर आहे त्यांनी दुखण्याची वाटच पाहू नये, कारण त्यांच्या तळपायाची जाणीव कमी झालेली असू शकते. त्यांनी चालून आल्यावर रोज उजेडात तळवे, टाचा, बोटांच्या बेचक्या डोळ्यांनी पाहायच्या. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवून, नाहीतर घरातल्या कोणाला तरी दाखवून.