अक्रोडाएवढी ग्रंथी
रात्रीतून तीनदा लघवीला उठावं लागलं की आजोबा म्हणतात, "वय झालं." बहुतेकदा ते खरंच असतं, वयाबरोबर प्रोस्टेट ग्रंथी फुगते, तो कॅन्सर नव्हे. प्रोस्टेटचा कॅन्सर सुरुवातीला गुपचूप वाढतो. २०२० मध्ये जगभरात त्याचे सुमारे १४ लाख नवे रुग्ण होते. २०४० पर्यंत ते २९ लाख होतील, असा ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाचा अंदाज आहे. माणसं जास्त जगू लागली, हे मुख्य कारण. वडील किंवा भावाला झाला असेल, तर धोका साधारण दुप्पट. स्तनाच्या कॅन्सरमधला बीआरसीए-२ जनुकातला दोष इथंही नडतो. म्हणून आई-मावशीचं दुखणंही डॉक्टरांना सांगावं (पुरुष नेमकं तेच विसरतात). अमेरिकेत १९९० च्या सुमारास हा कॅन्सर हुडकणारी पीएसए रक्तचाचणी रुळली नि रुग्णसंख्या एकदम उसळली. त्यात मोठा वाटा नव्यानं सापडलेल्या जुन्याच गाठींचा होता.