चौसाळ्याच्या नाटककाराला हवेत दहा श्रोते

विजय तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' या नाटकातलं नायिकेचं, बेणारेबाईंचं स्वगत मूळ संहितेत नव्हतं. १९६७ साली 'रंगायन' ही नाट्यसंस्था हे नाटक राज्य नाट्य स्पर्धेसाठी बसवत होती. दिग्दर्शक अरविंद देशपांडे यांनी हट्ट धरला, की बेणारेने शेवटी बोललंच पाहिजे. तेंडुलकरांना ते पटत नव्हतं. पण प्रयोग तोंडावर आला असताना त्यांनी ते लिहून दिलं. सुलभा देशपांडे यांच्या तोंडून ते मराठी माणसाने ऐकलं आणि पुढे कित्येक नट्यांनी ते घोकून पाठ केलं. लेखक मोठाच होता, पण त्याला भांडून लिहायला लावणारी माणसं तालमीत हजर होती.

बीडहून धाराशिवकडे निघालं की धुळे-सोलापूर महामार्गावर चौसाळा लागतं. अशा गावात राहून नाटक लिहू पाहणाऱ्या मुलाला किंवा मुलीला नेमकं काय कमी पडतं? अनुभव तर कमी पडत नाहीच. दसरा झाला की बीड जिल्ह्यातली हजारो बिऱ्हाडं ऊसतोडीला निघतात, पोरांची शाळा मध्येच सुटते, म्हातारी माणसं घर राखत मागे राहतात. कोरडं पडलेलं शिवार, मुकादमाची उचल, मुलीच्या लग्नाची घाई हे सगळं रोज डोळ्यांसमोर आहे. नाट्यगृह हवं तर यशवंतराव चव्हाण यांच्या नावाचं बीडमध्ये आहे. कमी पडतात ती लिहिलेलं पहिलं पान ऐकून 'इथे मी हरवलो' असं तोंडावर सांगणारी माणसं.

आपल्याकडे ही जागा बहुतेक वेळा स्पर्धेने भरून काढली. पुण्याचा पुरुषोत्तम करंडक १९६३ पासून चालू आहे. शिवाय विद्यापीठांचे युवक महोत्सव आहेत, हौशी राज्य नाट्य स्पर्धा आहे. स्पर्धेने मराठवाड्याला खूप दिलं. तारीख ठरलेली असते म्हणून संहिता पुरी होते, चार पोरं एकत्र येतात. पण स्पर्धेत परीक्षक भेटतो तो प्रयोग झाल्यावर, आणि मग नाटक दुसऱ्यांदा लिहायला कुणी बसत नाही. शेवटी टाळी हवी म्हणून धक्कादायक शेवट जोडण्याची सवयही तिथूनच लागते. माझ्या मते ग्रामीण एकांकिकेचं सर्वांत मोठं नुकसान या सवयीने केलं आहे.

यावर एक नीट विचार करून केलेला प्रयत्न महाराष्ट्रात होऊन गेला आहे. पुण्याच्या थिएटर अकादमीने सतीश आळेकरांच्या पुढाकाराने १९८५ ते १९९४ या काळात नव्या नाटककारांच्या आणि ठिकठिकाणच्या नाट्यसंस्थांच्या विकासासाठी योजना राबवली. पैसा फोर्ड फाउंडेशनचा होता. लेखक आणि संस्था यांच्याकडे एकत्र पाहिलं गेलं, ही त्यातली मोलाची गोष्ट. ज्या लेखकामागे नटसंच नाही, त्याची संहिता बहुधा वहीतच राहते.

मराठवाड्यातली उदाहरणंही हेच सांगतात. तेव्हाच्या औरंगाबादच्या विद्यापीठातल्या नाट्यशास्त्र विभागाला कमलाकर सोनटक्के यांनी आकार दिला. तिथेच शिकवणाऱ्या लक्ष्मण देशपांडे यांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मधून मराठवाडी बोली एकट्याच्या बळावर जगभर फिरवली. पुढे त्याच शहरातून 'जिगीषा' या नाट्यसंस्थेची मंडळी, प्रशांत दळवी, चंद्रकांत कुलकर्णी आणि त्यांचे सोबती, मुंबईला गेली ती एकेकटी नव्हे, गट म्हणून. १९९१ चं 'चारचौघी' हे नाटक त्या सोबतीचं फळ आहे.

पण गाव न सोडताही हे जमतं. त्याचा पुरावा गोदावरीच्या पलीकडे, जालना जिल्ह्यातल्या जांब समर्थमध्ये आहे. तिथले राजकुमार तांगडे शेती करत नाटक करत राहिले. विजेच्या चोरीवरचं त्यांचं 'आकडा' गावच्याच माणसांनी उभं केलं. मकरंद साठे यांनी माहितीच्या अधिकाराच्या लढ्यावर लिहिलेलं 'दलपतसिंग येती गावा' अतुल पेठे यांनी याच मंडळींना घेऊन बसवलं. मग २०१२ साली 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' आलं. संकल्पना शाहीर संभाजी भगत यांची, लेखन तांगडे यांचं, दिग्दर्शन नंदू माधव यांचं. शहरातला शाहीर, अनुभवी दिग्दर्शक आणि शेतकरी नट एका तालमीत आले आणि शिवाजी महाराजांकडे पाहण्याची दृष्टी बदलणारं नाटक तयार झालं. ते एका रात्रीत सुचलेलं नव्हतं. आधीच्या नाटकांत एकमेकांची बोली, ताकद आणि चुका ओळखलेली माणसं त्यामागे होती.

चौसाळ्यात आणि आसपासच्या गावांत असे ऐकणारे जमवायला फार काही लागत नाही. महिन्यातून एक संध्याकाळ, शाळेची खोली किंवा देवळाचा सभामंडप, आणि एक नवी संहिता. वाचन लेखकाने स्वतः करू नये, दुसऱ्याच्या हाती द्यावं. लेखक स्वतः वाचतो तेव्हा कागदावरची भोकं आवाजाने बुजवतो. ऐकणाऱ्यांनी उपाय सुचवण्याची घाई करू नये. कुठे कंटाळा आला, कोणाचं बोलणं खोटं वाटलं, एवढंच सांगावं. ऐकायला शिक्षकांबरोबर उसाच्या फडावर जाऊन आलेल्या बायाही हव्यात, कारण कोयत्याच्या जगण्यातली खोटी ओळ त्या पहिल्या झटक्यात पकडतील. आणि हे सगळं ऊसतोडीच्या हंगामाकडे पाहून आखावं. टोळ्या वैशाखाच्या सुमारास परतल्या की वाचनं सुरू करावीत, पावसाळ्यात दुसरा खर्डा व्हावा, दसऱ्याआधी गावात पहिला प्रयोग लागावा. स्पर्धेला त्यानंतर जावं.

बीडमध्ये प्रयोग करणाऱ्या संस्थांनी आणि महाविद्यालयांतल्या मराठीच्या प्राध्यापकांनी यंदाच्या उन्हाळ्यात एवढं एक मनावर घ्यावं. एक संध्याकाळ ठरवावी, चौसाळ्याला यावं आणि एखाद्या नव्या लेखकाची संहिता शेवटपर्यंत ऐकावी.