दुर्बिणीचे ऑपरेशन आणि हृदयाचा कारभार

नांदेडजवळच्या विष्णुपुरी येथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय घ्या, की लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था घ्या. पित्ताशयातील खड्यांसाठी रुग्ण दाखल झाला की नातेवाईक एकमेकांची समजूत घालतात, ‘दुर्बिणीचेच तर ऑपरेशन आहे!’ जखमेपुरते हे खरेच आहे. 1985 साली जर्मनीत एरिख म्यूहे यांनी या पद्धतीने पित्ताशय काढले आणि 1990 साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी भारतात तिचा श्रीगणेशा केला, तेव्हापासून बरगडीखालचा तो लांबलचक छेद क्रमाने मागे पडला. परंतु कातडीवरचा छेद लहान झाला म्हणून हृदयावरचा बोजाही त्याच हिशेबाने हलका झाला, असे मानणे गैरवाजवी होय.

दुर्बिणीला दिसावे आणि हत्यारांना फिरावयास जागा मिळावी म्हणून पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात. तो विद्युत्-दाहाच्या ठिणगीने पेटत नाही आणि रक्तात विरघळून श्वासावाटे निघून जातो. आतील दाब बहुधा 12 ते 15 मिलिमीटर पाऱ्याच्या मर्यादेत ठेवतात. पोट फुगू लागते तो काळ भूलतज्ज्ञाच्या दृष्टीने सर्वांत नाजूक. उदराचे आतले आवरण एकाएकी ताणले गेले, की व्हेगस मज्जातंतूच्या मार्गाने हृदयाला मंद होण्याचा हुकूम सुटतो आणि ऐंशीच्या घरातील नाडी पाहता पाहता चाळिशीत उतरू शकते. अशा वेळी भूलतज्ज्ञ शल्यविशारदास ‘गॅस सोडा’ एवढेच सांगतो व हाताशी भरून ठेवलेले अ‍ॅट्रोपिन शिरेतून देतो.

हा प्रसंग टळला, तरी पुढचा पेच अधिक फसवा असतो. वाढलेल्या दाबाने उदरातील मोठी नीला चेपली जाऊन हृदयाकडे परतणारे रक्त घटते. धमन्यांवरील दाब आणि व्हॅसोप्रेसिनसारखी संप्रेरके यांमुळे पुढचा रोध वाढतो. त्यातच पित्ताशय नीट दिसावे म्हणून टेबलाची डोक्याकडची बाजू उंच केल्यावर रक्त पायांकडे साचते. परिणामी पडद्यावर रक्तदाबाचा आकडा चढलेला, आणि हृदयातून दर मिनिटास बाहेर पडणारे रक्त मात्र कमी झालेले, अशी विसंगत अवस्था उद्भवते: अर्धवट मिटलेल्या व्हॉल्व्हवर चालणाऱ्या विहिरीवरील मोटारीप्रमाणे जोर अधिक, पाणी थोडे. निरोगी हृदय काही मिनिटांत बरेचसे सावरते; दुर्बल हृदयाला मात्र ही ओढाताण जड जाते, आणि म्हणूनच अशा रुग्णात दाब 8 ते 10 पर्यंतच ठेवण्याची तजवीज करतात, गॅस संथपणे भरतात, टेबलही हळूहळू कलवतात.

शोषल्या गेलेल्या वायूची रुजवात कॅप्नोग्राफ करतो. उच्छ्वासातील त्याचे प्रमाण वाढत चालले, की यंत्राच्या श्वासाचा वेग वाढवावयाचा. उलट रक्तदाबासह तो आकडा एकाएकी कोसळला, तर गॅसचा बुडबुडा रक्तवाहिनीत शिरल्याची विरळ परंतु प्राणघातक शक्यता तत्काळ ध्यानी घ्यावयाची.

रक्तदाबाच्या काही गोळ्या ऑपरेशनच्या सकाळीही घोटभर पाण्यासोबत घ्यावयाच्या असतात, काही त्या दिवशी वगळावयाच्या असतात. तेव्हा घरातील सर्व गोळ्यांची पाकिटे आदल्या दिवशीच भूलतज्ज्ञासमोर मांडावीत. ‘उपाशी’ म्हणवणाऱ्या रुग्णाने पहाटे घेतलेला दुधाचा चहा हा वैद्यकीय हिशेबात अन्नच ठरतो, हेही आमच्या मराठवाड्यात, जेथे चहा नाकारणे हा यजमानाचा अपमान समजतात, आवर्जून सांगावे लागते.

आणखी एक. ऑपरेशननंतर पुष्कळांचा उजवा खांदा दुखतो व घरची मंडळी हृदयविकाराच्या धास्तीने नर्सताईंना हाका मारू लागतात. बहुतेकदा पोटात उरलेल्या वायूने श्वासपटल चाळवल्याची ती वेदना असते व दोन-तीन दिवसांत ओसरते. मात्र छातीत दडपण, घाम वा धाप असेल, तर नातेवाइकांनी ती गॅसची समजून रात्र काढू नये, डॉक्टरांना वर्दी द्यावी.