डॉक्सिसायक्लिनचे सेवन : सूचना आणि त्यांची कारणे

२६ जुलै २००५ रोजी मुंबईतील सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्यानंतरच्या आठवड्यांत शहरात लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले. उंदरांच्या व इतर प्राण्यांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यात या रोगाचे जंतू असतात व त्वचेवरील लहानशा जखमेतूनही ते शरीरात शिरतात. साचलेल्या पाण्यातून चालणारा नागरिक आणि भाताच्या खाचरात उभा राहणारा शेतकरी या दोघांनाही पावसाळ्यात त्यांचे भय असते. या रोगावर वैद्य जी औषधे देतात त्यांत डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक प्रमुख होय. ते स्वस्त आहे, तोंडाने घेता येते आणि बहुतेकांना मानवते. त्यासोबत काही सूचनाही दिल्या जातात. परंतु रुग्ण त्या पथ्यपाण्याच्या रूढ उपदेशाप्रमाणे ऐकतो आणि विसरतो. वस्तुतः त्यांतील बहुतेक प्रत्येक सूचना औषधाच्या एखाद्या निश्चित गुणधर्मातून निघालेली असते. हा संबंध स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

डॉक्सिसायक्लिन हे टेट्रासायक्लिन कुळातील औषध आहे. या कुळातील पहिले औषध क्लोरटेट्रासायक्लिन. बेंजामिन डग्गर यांनी ते मातीतील एका सूक्ष्मजीवापासून मिळविले आणि १९४८ साली ते जाहीर झाले. डॉक्सिसायक्लिन पुढे रासायनिक संस्काराने सिद्ध करण्यात आले व १९६७ साली अमेरिकेत त्याच्या वापरास मान्यता मिळाली. जंतूच्या पेशीत प्रथिने घडविणाऱ्या रायबोसोमला हे औषध चिकटते आणि प्रथिनांची घडण थांबविते. त्यामुळे बहुतेक जंतूंची वाढ खुंटते. ते तत्काळ मरत मात्र नाहीत. त्यांचा अखेरचा नायनाट शरीराच्या स्वतःच्या संरक्षणशक्तीला करावयाचा असतो. त्यास अवधी मिळावा म्हणून रक्तातील औषधाचे प्रमाण ठराविक काळ टिकवून धरावे लागते. नियमित वेळी औषध घेण्याचे महत्त्व येथे आहे.

हे प्रमाण निम्म्यावर येण्यास लागणाऱ्या काळास अर्धायुकाल म्हणतात. अमॉक्सिसिलिनचा अर्धायुकाल सुमारे एक तास असल्याने ते बहुधा दिवसातून दोन-तीन वेळा द्यावे लागते. डॉक्सिसायक्लिनचा अर्धायुकाल सुमारे १६ ते २२ तास असल्याने दिवसातून एक किंवा दोन मात्रा पुरतात. मात्र अर्धायुकाल दीर्घ असला की औषधाचे प्रमाण स्थिर पातळीस पोहोचण्यासही विलंब लागतो. यास्तव अनेकदा प्रौढ रुग्णास पहिल्या दिवशी २०० मिलिग्रॅम व नंतर रोज १०० मिलिग्रॅम अशी योजना केलेली असते. पहिल्या दिवसाची ही दुप्पट मात्रा वैद्याने हेतुपुरस्सर ठरविलेली असते. त्यावरून, चुकलेली मात्रा पुढील मात्रेबरोबर दुप्पट करून घ्यावी, असा अर्थ काढणे चुकीचे ठरेल. चुकलेली मात्रा आठवताच घ्यावी. पुढील मात्रेची वेळ जवळ आली असल्यास ती सोडून द्यावी.

दुसरा गुणधर्म धातूंशी असलेल्या संबंधाचा. टेट्रासायक्लिनच्या रेणूतील प्राणवायूचे अणू कॅल्शियम, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम व लोह यांच्या आयनांना घट्ट पकडतात आणि जो संयोग तयार होतो तो आतड्यातून नीट शोषला जात नाही. आम्लपित्तावरील अनेक औषधांत मॅग्नेशियम व ॲल्युमिनियम असते. रक्तवर्धक गोळ्यांत लोह असते. पित्त होऊ नये म्हणून प्रतिजैविकाच्या जोडीने अँटासिड घेणारा रुग्ण औषध गिळतो खरा, परंतु त्याचा मोठा भाग रक्तात पोहोचतच नाही. जुन्या टेट्रासायक्लिनला दुधाचाही असाच मोठा अडथळा होई. डॉक्सिसायक्लिनचे शोषण दुधाने साधारण एकपंचमांशाने घटते, म्हणून पोट बिघडत असल्यास ते अन्नाबरोबर घेण्यास सहसा हरकत नसते. लोहाची बाब अधिक गंभीर आहे. रक्तातील डॉक्सिसायक्लिनचा काही अंश पुन्हा आतड्यात उतरतो व तेथे लोह त्यास अडवून ठेवते. त्यामुळे दोन्ही औषधांत काही तासांचे अंतर ठेवूनही हा अडथळा पूर्णपणे टळत नाही. लोहाच्या गोळ्या चालू असल्यास ते वैद्यास आधीच सांगणे आवश्यक ठरते, ते यामुळे.

पेलाभर पाण्याच्या सूचनेचे कारण वेगळे आहे. डॉक्सिसायक्लिनचे नेहमीच्या वापरातील लवण पाण्यात विरघळले की ते द्रावण तीव्र आम्ल होते. घोटभर पाण्याने गिळलेली कॅप्सूल अन्ननलिकेच्या भिंतीस चिकटून तेथेच विरघळली, तर त्या जागी व्रण पडतो. छातीत जळजळ होते आणि घास गिळणे असह्य होते. निजण्याच्या वेळी औषध घेऊन लगेच आडवे होणाऱ्या रुग्णांत ही इजा विशेषेकरून आढळते. औषध बसून वा उभे राहून, पेलाभर पाण्याबरोबर घ्यावे आणि पुढे निदान अर्धा तास आडवे होऊ नये, एवढ्याने ती बहुतांशी टळते.

या औषधाने त्वचा उन्हास अधिक संवेदनक्षम होते. उन्हात काम करणाऱ्या रुग्णाने अंग झाकणारे कपडे वापरावेत. कॅल्शियमशी जडणाऱ्या त्याच गुणधर्मामुळे टेट्रासायक्लिन वाढत्या दातांत साठते व दात कायमचे पिवळट-तपकिरी होतात. गर्भवतींना व आठ वर्षांखालील मुलांना ही औषधे टाळण्याचा प्रघात त्यातून पडला. डॉक्सिसायक्लिन मात्र कॅल्शियमशी कमी प्रमाणात जडते. अल्पकाळच्या उपचाराने दातांवर डाग पडल्याचे न आढळल्याने २०१८ साली अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २१ दिवसांपर्यंतच्या उपचारास वयाची अट शिथिल केली. हा निर्णय अर्थातच वैद्याचा, पालकाचा नव्हे. अंगावर पुरळ, चेहऱ्यावर सूज वा श्वासास त्रास, तीव्र डोकेदुखीसह दृष्टी अंधुक होणे, अथवा सतत पातळ जुलाब, यांपैकी काहीही उद्भवल्यास विनाविलंब वैद्यकीय साहाय्य घ्यावे.

राहिला प्रश्न उपचाराच्या मुदतीचा. ताप उतरला म्हणजे रोग संपला असे नव्हे. लेप्टोस्पायरोसिसवर हे औषध साधारणतः सात दिवस देतात. ब्रुसेलोसिसवर दुसऱ्या औषधाच्या जोडीने सहा आठवडे. उलटपक्षी, दीर्घ उपचार नेहमीच श्रेयस्कर असेही नाही. २०१७ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमधील एका लेखाने, औषध लवकर थांबविल्यानेच प्रतिकार वाढतो या समजुतीस पुरेसा आधार नाही, असे प्रतिपादन केले. तथापि त्यातून रुग्णास मनास येईल तेव्हा औषध सोडण्याची मुभा मिळत नाही. मुदत रोगपरत्वे बदलते. ती वैद्याने ठरवावी आणि बदलणे झाल्यास वैद्यानेच बदलावी.

उरलेल्या गोळ्या पुढील तापासाठी जपून ठेवणे तर सर्वथा त्याज्य. १९६३ साली अमेरिकेत, विघटन पावलेल्या जुन्या टेट्रासायक्लिनच्या सेवनाने मूत्रपिंडास इजा झालेल्या रुग्णांची नोंद झाली. तेव्हापासून औषधाच्या घटनेत सुधारणा झाली असली, तरी दुसरा धोका कायम आहे. पुढील ताप विषाणूजन्य असेल तर या गोळ्यांचा त्यावर काहीच परिणाम होणार नाही. आतड्यातील निरुपद्रवी जंतूंत मात्र प्रतिकार करणारे तेवढे टिकतील व वाढतील. हा प्रतिकार त्या जंतूंपुरताच मर्यादित राहत नाही. टेट्रासायक्लिनसह अनेक औषधांना एकाच वेळी दाद न देणारे आमांशाचे जंतू १९५० नंतरच्या दशकात जपानमध्ये आढळले आणि हा गुण एका जंतूकडून दुसऱ्या जातीच्या जंतूकडे संक्रमित होतो, हे तेथील संशोधकांनी दाखवून दिले.

भारतात डॉक्सिसायक्लिन वैद्याच्या लेखी सूचनेवाचून विकण्यास कायद्याने मनाई आहे. परंतु औषध हाती आल्यानंतर ते कशाबरोबर घ्यावयाचे, केव्हा घ्यावयाचे व कधी थांबवावयाचे, यावर घरात कोणताही कायदा लक्ष ठेवू शकत नाही. तेथे रुग्णाची समजूत हाच एकमेव आधार असतो. आणि सूचनेमागील कारण सांगितल्यावाचून ती समजूत निर्माण होत नाही. दोन मिनिटे खर्चून वैद्याने किंवा औषधविक्रेत्याने ते कारण सांगणे, हाही उपचाराचाच एक भाग मानला पाहिजे.