खोडलेलेही राहते

आमच्या युनियनच्या प्रोसिडिंग बुकात खाडाखोड झाली की शेजारी सही लागते. १ मे २००३ पासून चालू असलेला मराठी विकिपीडिया हा कोणीही लिहावा, कोणीही दुरुस्त करावा असा ज्ञानकोश. तेथेही हीच शिस्त आहे. समजा, चारठाण्याचे पान सुधारावयाचे आहे. ‘संपादन’ दाबावे. शब्दाच्या दोन्ही अंगांस दोन-दोन बरोबरीची चिन्हे दिली की मथळा होतो. दुहेरी चौकटी कंसांत ‘येलदरी’ लिहिले की त्या पानाचा दुवा. मी हे पन्नाशीत शिकलो! खरी खुबी ‘इतिहासा’त आहे. कोणी, केव्हा, काय बदलले ते तेथे दिसते, जुना मजकूर परत आणता येतो. मात्र पुराव्यावाचून लिहिलेले कोणीही काढील, आणि ते रास्तच. हमालांच्या संपावरील माझी ओळ अशीच गेली. छापील आधार आमच्यापाशी नव्हता. सध्या जुनी वर्तमानपत्रे धुंडाळतो आहे.