तीन वर्षांत ३९ पास

जो बरो ओहायो स्टेट विद्यापीठाच्या फुटबॉल संघात तीन हंगाम होता आणि तिन्ही हंगाम मिळून त्याने सामन्यांत ३९ पास फेकले. पुढे लुइझियाना स्टेटकडून २०१९च्या एकाच हंगामात त्याने ६० टचडाउन पास (थेट गुण मिळवून देणारे पास) दिले, संघाने १५ पैकी १५ सामने जिंकले आणि महाविद्यालयीन फुटबॉलमधला सर्वांत मानाचा हाइझमन करंडक त्याच्याकडे आला. त्याची गोष्ट बहुतेकदा अशी सांगितली जाते की ओहायोत तीन वर्षं फुकट गेली, मग संधी मिळाली आणि गुण उजळले. मला हा हिशेब चुकीचा वाटतो. आकडेवारी फक्त फेकलेले पास मोजते. बरोसारखा क्वार्टरबॅक, म्हणजे चाल चालवणारा आणि पास फेकणारा खेळाडू, ज्या कामावर उभा राहतो, त्यातलं बरंचसं काम पास न फेकताच होत असतं, आणि ते शिकण्याची मुख्य जागा म्हणजे राखीव खेळाडूंची रांग.

हे पटण्यासाठी क्वार्टरबॅक नेमकं काय करतो ते जवळून पाहायला हवं. अमेरिकन फुटबॉल थांबत थांबत खेळला जातो. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाही जमलं तर चेंडू समोरच्याकडे. एक चाल संपली की ४० सेकंदांचं घड्याळ सुरू होतं. तेवढ्यात क्वार्टरबॅकने बाहेरून आलेली चाल समजून घ्यायची, उरलेल्या दहा जणांना सांगायची, जागेवर जाऊन उभं राहायचं आणि समोरची बचावफळी वाचायची. सर्वांत मागचे बचावपटू, म्हणजे सेफ्टी, एक आहे की दोन, हे तो आधी बघतो. मग आपला एक रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा, या टोकाकडून त्या टोकाकडे पाठवतो. त्याच्यामागे बचावपटू धावत गेला, तर बहुधा माणसाला माणूस लावलेला आहे. कुणी हललं नाही, तर प्रत्येकाने आपापला टापू धरलेला आहे. बचावाच्या दुसऱ्या ओळीतला मधला गडी, म्हणजे लाइनबॅकर, कोणता मानायचा हे तो बोट दाखवून सांगतो, कारण कुणी कुणाला अडवायचं हे पुढच्या पाच धिप्पाड गड्यांना त्यावरूनच कळतं. एवढं करूनही समोरच्यांनी सोंग घेतलेलं असू शकतं. चेंडू हातात येताच आधीचा अंदाज पुन्हा तपासायचा आणि साधारण तीन सेकंदांत पहिला, दुसरा, तिसरा रिसीव्हर ठरल्या क्रमाने पाहून, ज्याला द्यायचं तो वळण्याआधीच चेंडू सोडायचा. प्रेक्षकांना दिसते ती फक्त शेवटची फेक.

हे वाचन शिकवण्याची एक जुनी रीत आहे. विद्यार्थ्याला पाच वर्षांत चार हंगाम खेळता येतात, त्यामुळे नवख्या क्वार्टरबॅकचं पहिलं वर्ष अनेकदा सामन्याविना जातं. याला रेडशर्ट म्हणतात. या वर्षात तो सरावातही सहसा स्वतःच्या संघाच्या चाली खेळत नाही. पुढच्या शनिवारी ज्यांच्याशी गाठ आहे, त्यांच्या क्वार्टरबॅकची भूमिका तो करतो. प्रशिक्षक पुठ्ठ्यावर काढलेली आकृती समोर धरतात आणि हा ती चाल आपल्याच पहिल्या फळीच्या बचावासमोर खेळून दाखवतो. या आठवड्यात एकाची नक्कल, पुढच्या आठवड्यात दुसऱ्याची. टाळ्या नाहीत, नाव नाही. पण बरो २०१५मध्ये आला तेव्हा ओहायो स्टेट गतविजेता होता. अशा बचावफळीसमोर रोज उभं राहायला मिळणं ही मला त्या वयातली मोठी मिळकत वाटते. पुढे असा राखीव क्वार्टरबॅक दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावर सरकला की सामन्याच्या दिवशी सीमारेषेवरून चालींचे इशारे देण्याचं काम येतं. दोघे-तिघे एकाच वेळी हातवारे करतात, त्यातला खरा एकच असतो. इशारा द्यायचा तर चालींची अख्खी यादी मुखोद्गत हवी आणि आता ही चाल का, हेही उमजायला हवं.

या शाळेत काय शिकलं जातं, त्याचा ढळढळीत पुरावा बरोच्या आधीच्याच हंगामात मिळाला होता. २०१४च्या ऑगस्टमध्ये ओहायो स्टेटचा पहिला क्वार्टरबॅक ब्रॅक्स्टन मिलर खांद्याच्या दुखापतीने बाहेर गेला. नोव्हेंबरअखेर दुसरा, जे. टी. बॅरेट, घोटा मोडून पडला. उरला तिसऱ्या क्रमांकाचा कार्डेल जोन्स. त्याने आयुष्यात पहिल्यांदा सुरुवातीपासून खेळलेला सामना विस्कॉन्सिनविरुद्ध ५९-० असा जिंकला गेला, मग अलाबामा ४२-३५, मग अंतिम सामन्यात ऑरेगॉन ४२-२०. सामन्यांच्या अनुभवावर बघितलं तर त्याच्याकडे जवळपास काहीच नव्हतं. होती ती सरावाची वर्षं. बरोच्या शेजारी त्याच रांगेत बसणारा ड्वेन हॅस्किन्सही २०१८मध्ये पहिला क्वार्टरबॅक झाला आणि त्या एका हंगामात त्याने ५० टचडाउन पास दिले.

यावर पहिला आक्षेप उघड आहे: यशस्वी झालेलेच आपल्याला दिसतात, वाट बघून विस्मरणात गेलेल्यांची मोजदाद कोण करतं? आक्षेप खरा आहे आणि म्हणूनच थांबणं हाच गुण, असं मी म्हणत नाही. शिकलेलं सामन्यात उतरायलाही वेळ लागतो. २०१७च्या हंगामाआधी बरोच्या फेकीच्या हाताचं हाड मोडलं आणि दुसरा क्रमांक हॅस्किन्सकडे गेला. २०१८मध्ये तीन वर्षांत पदवी पूर्ण करून बरो लुइझियानाला आला, तर पहिल्या हंगामात त्याचे ५७.८ टक्केच पास पोहोचले. पुढच्या वर्षी हेच प्रमाण ७६.३ झालं. ही झेप न्यू ऑर्लिन्स सेंट्स या व्यावसायिक संघातून आलेले प्रशिक्षक जो ब्रॅडी आणि जस्टिन जेफरसन, जामार चेस यांच्यासारख्या रिसीव्हरांमुळे घडली, हा दुसरा आक्षेप. त्यांचा वाटा मोठा आहेच. पण ब्रॅडींच्या चालींत पाच-पाच जण पास घ्यायला बाहेर पडत, म्हणजे क्वार्टरबॅकला वाचवायला माणसं कमी उरत. अशी चाल वाचता न येणाऱ्याच्या हाती देणं म्हणजे त्याला उघड्यावर सोडणं. ७ सप्टेंबर २०१९ला टेक्सासविरुद्ध तिसऱ्या प्रयत्नात १७ यार्ड हवे होते, टेक्सासने थेट चढाईसाठी माणसं सोडली, बरो जागेवरच थोडा सरकला आणि अंगावर येणाऱ्यांच्या समोरून त्याने जेफरसनकडे चेंडू टाकला. ६१ यार्डांचा टचडाउन झाला. चढाई कुठून येणार आणि त्यामुळे मैदानाचा कोणता भाग रिकामा होणार, हे ज्याला आधी उमगतं, त्यालाच असं सरकता येतं.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो. राखीव रांगेतल्या मुलाच्या कष्टांचा फायदा संघाला होतो, आणि २०२१पर्यंत त्याला स्वतःच्या नावावर पैसे कमावण्याचीही मुभा नव्हती. त्याच वर्षी दुसऱ्या विद्यापीठात जाणाऱ्याला एक वर्ष बाहेर बसवण्याची अटही पहिल्या बदलीपुरती उठली. ही सूट न्याय्य आहे. बरो स्वतः गेलाच की. पण तो गेला ते तीन वर्षं शिकून. सहा महिन्यांत हलणारा क्वार्टरबॅक प्रत्येक ठिकाणी चालींची नवी भाषा पाठ करत राहतो आणि तिचा अर्थ कळायच्या आत ती सोडतो. जेलन हर्ट्सचं उदाहरण यासाठी मोलाचं आहे. अलाबामाला पहिल्याच वर्षी अंतिम सामन्यात नेणाऱ्या या मुलाला जानेवारी २०१८मध्ये अटलांटात झालेल्या अंतिम सामन्यात जॉर्जियाविरुद्ध मध्यंतराला बसवलं गेलं. तो राहिला. त्याच वर्षी १ डिसेंबरला, त्याच मैदानावर, त्याच जॉर्जियाविरुद्ध चौथ्या सत्रात २१-२८ असा पिछाडीवरचा सामना त्याने बदली म्हणून येऊन ३५-२८ जिंकून दिला. नंतर तो ओक्लाहोमाला गेला आणि २०१९च्या हाइझमनसाठी बरोच्या पाठोपाठ दुसरा आला.

२०२४पासून महाविद्यालयीन फुटबॉलच्या सर्वोच्च गटात प्रशिक्षकाला एका खेळाडूच्या हेल्मेटमध्ये थेट बोलता येतं. सीमारेषेवरच्या हातवाऱ्यांची गरज त्यामुळे कमी झाली आणि राखीव मुलाच्या शिक्षणातला एक धडा गळू लागला आहे. मात्र घड्याळात १५ सेकंद उरले की तो आवाज बंद करावा लागतो. सेफ्टी मागे सरकतो की पुढे येतो, रिसीव्हरमागे कोण धावतं, लाइनबॅकरचं वजन कोणत्या पायावर आहे, हे दिसतं ते त्यानंतरच, आणि तेव्हा क्वार्टरबॅकच्या कानात कुणीच बोलत नसतं.